शहराचा कचरा आणि शहराची माणसे



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, वकील येतात, ग्रंथकार येतात. मी त्यांच्या पंक्तीत बसणारा माणूस नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते खाणीच्या फाटकावरच्या सभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा चिटणीसांनी मला विषय विचारला, त्या वेळी मी त्यांना म्हटले, "ज्यावर बोलायला दुसरे कोणी तयार नसेल तो विषय मला द्या." ते हसून म्हणाले, "मग कचऱ्यावर बोला." त्यांनी ते थट्टेने म्हटले असेल, मी ते मनापासून घेतले. कारण गेली पंचवीस-तीस वर्षे माझा प्रपंच ज्या माणसांबरोबर चालला आहे, त्यांत सफाई कामगार पुष्कळ आहेत.

नुकतीच महाकालीची यात्रा झाली. चैत्रात मराठवाड्यातून हजारो भाविक येतात, झरपटीच्या काठाने उतरतात, नवस फेडून परत जातात. त्यानंतर आठ दिवसांनी आपण त्या बाजूने गेलात, तेव्हा रस्ता मोकळा होता. तो कोणी मोकळा केला, किती रात्री जागून केला आणि तिथला कचरा नेऊन कुठे टाकला, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? नळाला एक दिवस पाणी आले नाही तर आपण चौकशीला निघतो, कारण पाणी घरात यायचे असते. कचरा घरातून जायचा असतो. तो गेला की आपले काम संपले असे वाटते. या प्रश्नाचे निम्मे मूळ या वाटण्यात आहे.

गाव वाढले, उकिरडा वाढला

जुन्या चांद्याची वस्ती बहुतेक गोंड राजांच्या परकोटाच्या आत होती. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांच्या आतल्या घरांतून निघे काय? चुलीची राख, भाजीची देठे, शेण, फुटकी मडकी. ते उकिरड्यावर जाई आणि मृगाच्या आधी शेतकरी बैलगाडी भरून ते खत शेतात नेई. त्या वेळी लोक आपल्यापेक्षा शहाणे होते असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या कचऱ्याला गिऱ्हाईक होते, हे मात्र खरे.

पुढे कोळशाच्या खाणी वाढल्या, शेजारी बल्लारपूरला कागदाचा कारखाना झाला, १९८० नंतरच्या दशकात औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. कामाच्या शोधात माणसे आली आणि परकोट ओलांडून गाव चहूकडे पसरले. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख २० हजार भरली आणि त्याच साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. गावाचे शहर झाले, पण कचऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टी उकिरड्याचीच राहिली. फरक एवढाच, की आता उकिरड्यात प्लास्टिक आहे, औषधांच्या सुया आहेत, बॅटऱ्या आहेत, आणि शेतकरी तो न्यायला येत नाही.

आपण एक ढोबळ हिशेब करू. हा हिशेब माझा आहे, महापालिकेचा नव्हे. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम कचरा धरला, तर ३ लाख २० हजार माणसांचा कचरा १२८ टन होतो. एक टन माल घेणारी छोटी गाडी असेल तर रोज १२८ खेपा झाल्या. आपल्याकडच्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो, म्हणजे भाज्यांची साले, उरलेले अन्न, फुले, पाला. त्यात बहुतांशी पाणीच असते. म्हणजे ६४ खेपांचे डिझेल आपण मुख्यतः पाणी वाहून नेण्यासाठी जाळतो. हेच ओले ज्या वॉर्डात निघाले तिथेच कुजवून त्याचे खत केले, तर खेपा निम्म्यावर येतात. यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. खड्डा, पालापाचोळा आणि लक्ष घालणारा एक माणूस, एवढे पुरते. मग हे होत का नाही?

टनाचा हिशेब

याचे कारण, माझ्या अनुभवाप्रमाणे, एका शब्दात आहे. तो शब्द 'टन'. आपल्या जिल्ह्याला या शब्दाची फार सवय आहे. आपण कोळसा टनावर मोजतो, सिमेंट टनावर मोजतो, कागद टनावर मोजतो. या मालांना ते माप योग्यच आहे. जितके टन अधिक तितका नफा अधिक. पण तीच फूटपट्टी आपण उचलून कचऱ्याला लावली. अनेक शहरांत कचरा वाहण्याचा ठेका असा असतो, की गाडी वजनकाट्यावर चढवायची आणि टनामागे ठरलेला पैसा द्यायचा. कोळसा अधिक निघावा अशी आपली इच्छा असते. कचरा कमी निघावा अशी असायला हवी. आणि पैसे मात्र आपण तो अधिक भरावा म्हणून देतो!

याचा परिणाम काय होतो तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. गाव सांगत नाही. तिथल्या काट्याजवळ मी कामगारांची हजेरी तपासायला गेलो होतो. पावसाळ्याचे दिवस होते. गाडीवर ताडपत्री नव्हती. मी चालकाला म्हटले, "अरे, सगळा कचरा भिजतो आहे." तो म्हणाला, "भिजू द्या जी, सायबाले भिजलाच पायजे." गाडी रिकामी झाली तेव्हा तळाशी कुणाच्या तरी पाडलेल्या भिंतीचे तुकडे आणि मुरूम निघाला. कचऱ्याच्या भावात आपण दगडमाती विकत घेतली होती.

मी ठेकेदाराला शिव्या द्यायला उभा नाही. माणूस ज्याचे पैसे मिळतात तेच आणून देतो. आपण वजनाचे पैसे दिले, त्याने वजन आणले. उद्या एखाद्या वॉर्डातल्या बायांनी मनावर घेऊन ओल्याचे खत घरीच करायचे ठरवले, तर त्यांचे काम नगराच्या फायद्याचे आणि ठेक्याच्या तोट्याचे ठरेल. ज्या व्यवस्थेत नागरिकाच्या शहाणपणाने कोणाचे तरी उत्पन्न बुडते, ती व्यवस्था नागरिकाला शहाणे होऊ देत नाही. म्हणून माझी पहिली मागणी ही, की पैसे टनावर देऊ नका. रोज किती दारांवर गाडी गेली, त्यांतल्या किती दारांतून ओले आणि सुके वेगळे घेतले, आणि शेवटी डेपोवर किती कमी कचरा पोचला, यावर द्या.

तेंदूची फळी

वेगळे करण्यात काय मोठेसे आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गडचिरोलीच्या कोणत्याही गावात मिळेल. सध्या तेंदूपानांचा हंगाम आहे. पहाटे जंगलात गेलेली बाई दुपारी घरी येते आणि सारे घर पाने निवडायला बसते. किडलेले पान बाजूला, फाटलेले बाजूला, चांगली सत्तर पाने जुळवून त्यांचा पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. ती बाई पानांचा नुसता ढीग घेऊन फळीवर गेली, तर तिला कोण पैसे देईल? जंगल तेच, पान तेच. मोल आले ते निवडण्याने. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईला जे कळते, ते आपल्या पक्क्या घरांतून आणि सुशिक्षित कुटुंबांतून कळू नये, याचे मला नवल वाटते.

ही गोष्ट नवी तर मुळीच नाही. पॅरिस शहरात पूबेल नावाचे एक प्रशासक होते. त्यांनी १८८४ साली हुकूम काढला, की प्रत्येक घरमालकाने झाकणाची भांडी ठेवावीत: कुजणारे वेगळे, कागद आणि चिंध्या वेगळ्या, काच आणि फुटकी भांडी वेगळी. लोक इतके चिडले, की त्यांनी कचऱ्याच्या डब्यालाच त्या गृहस्थांचे नाव दिले. आजही फ्रेंच भाषेत डब्याला 'पूबेल' म्हणतात. आपल्याकडे हे कर्तव्य नियमात यायला २००० साल उजाडावे लागले, आणि तेही सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यावर. २०१६ च्या नियमांनी ते अधिक स्पष्ट करून ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करण्याची जबाबदारी घरावर टाकली.

आपल्या महाराष्ट्रातही हे करून दाखवलेली गावे आहेत. कोकणात वेंगुर्ला नावाचे बारा-तेरा हजार वस्तीचे गाव आहे. तिथल्या नगरपरिषदेने घराघरांतून वेगवेगळा कचरा घेतला, ओल्यापासून गॅस काढला, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात घातले, आणि जिथे कचऱ्याचा डोंगर होता तिथे बाग उभी केली. कोणी म्हणेल, ते लहान गाव. मग पुणे पाहा. तिथे कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली आपली संघटना बांधली आणि २००८ पासून त्यांच्याच सहकारी संस्थेने घरोघर कचरा घेण्याचे काम अंगावर घेतले. घर महिन्याला ठरलेली रक्कम देते आणि सुक्यातले जे विकले जाते त्याचा पैसा त्या बाईचा. इथे हिशेब बघा कसा फिरला! जितके नीट वेगळे कराल तितका तिचा लाभ. नागरिकाचे शहाणपण आणि कामगाराची मिळकत एकाच दिशेला चालू लागली.

गाडी, गल्ली आणि ढीग

आता वाहतुकीकडे येतो. परकोटाच्या आतल्या गल्ल्या मोठ्या गाडीसाठी बांधलेल्या नाहीत. तिथे ढकलगाडी किंवा तीन चाकी सायकलच जाऊ शकते. आपण काय करतो? ढकलगाडीवाला गल्लीच्या तोंडाशी कचरा जमिनीवर ओततो, आणि दुपारी कधीतरी दुसरे कामगार फावड्याने तो उचलून मोठ्या गाडीत भरतात. एकाच कचऱ्याला दोनदा हात लागला, मजुरी दोनदा गेली आणि मधल्या चार तासांत तो ढीग गाईने, डुकराने आणि कुत्र्याने रस्ताभर केला. नियम एकच हवा: कचरा एकदा गाडीत चढला, की पुन्हा जमिनीला लागता कामा नये. लहान गाडीतून थेट मोठ्या गाडीत. त्यासाठी वेळ ठरवावी लागते. ढकलगाडी सातला निघाली आणि मोठी गाडी साडेनऊला कोपऱ्यावर आली नाही, तर सगळा बेत फसतो. म्हणून वाहतुकीतली सुधारणा नव्या गाड्या घेण्याच्या आधी वेळापत्रक पाळण्याची आहे.

आणि आपल्या या जिल्ह्यात ढिगाची एक वेगळीच किंमत आहे. ती मुंबई-पुण्याला कळणार नाही. ढिगावर डुकरे आणि कुत्री येतात, हे सर्वत्र आहे. आपल्याकडे त्या कुत्र्यांच्या मागावर बिबट येतो. २०२२ च्या फेब्रुवारीत औष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि लगेच दुसऱ्या रात्री दुर्गापुरात बिबट्याने सोळा वर्षांचा मुलगा नेला. त्या घटनांची कारणे अनेक होती. वाढलेली झुडपे होती, जंगलाला लागून असलेली वस्ती होती. पण वस्तीशेजारी उघड्यावर अन्न टाकणे म्हणजे श्वापदाला घरचा रस्ता दाखवणे आहे, हे तेंदू तोडणाऱ्या पोरालाही समजते. आपण पिंजरे मागतो, ते मागावेत. ढीगही हलवायला हवा.

कचरा दूर नेऊन टाकला म्हणजे प्रश्न मिटत नाही, याचा सर्वांत मोठा धडा मुंबईने घेतला आहे. १८९६ साली तिथे प्लेग आला. घाबरलेल्या नगरपालिकेने शहराबाहेर देवनारची दलदलीची जमीन घेतली आणि १८९९ पासून आगगाडीने कचरा तिकडे धाडला. त्या काळात ते ठिकाण खरोखरच दूर होते. शहर वाढत वाढत तिथवर गेले, डोंगराच्या पायथ्याशी गरिबांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला तेव्हा त्याचा धूर दिवसचे दिवस मुंबईवर राहिला. आपली हवा कोळशाच्या धुळीने आधीच जड आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित ठिकाणांत चंद्रपूरचे नाव घातले होते. त्यात आपण आणखी एका डोंगराच्या धुराची भर घालावी काय?

हात कोणाचे?

इतका वेळ मी कचऱ्याविषयी बोललो. आता ज्यांच्या हातांनी तो उचलला जातो त्यांच्याविषयी बोलतो, आणि इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेने ओला-सुका वेगळा घेण्याचा आदेश काढला. कामगारांच्या वतीने मी उभा राहिलो आणि म्हटले, हे जादा काम आहे. जादा भत्ता मिळेपर्यंत आमचा माणूस वेगळे काहीही घेणार नाही. मागणी न्याय्य होती असे मला आजही वाटते. पण मी तिच्यासाठी जे हत्यार उपसले, ते आमच्यावरच फिरले. सहा महिने कचरा मिसळूनच जात राहिला. त्या सहा महिन्यांत एका बाईने पिशवी दाबली आणि आतली सुई तिच्या तळहातात आरपार गेली. हात सुजला, ताप चढला, दोन आठवडे ती दवाखान्यात पडून राहिली. मी नुकसानभरपाईचा अर्ज लिहायला तिच्या खाटेशी गेलो, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, अर्ज मंग लिहा. माह्यं नाव कागदावर हाये का नाई, थे पहा पहिले." मी हजेरीपट पाहिला. नऊ वर्षे काम केलेल्या त्या बाईचे नाव त्यात नव्हते. तिच्या जागी दुसऱ्याच कुणाचे नाव होते. ठेकेदार म्हणाला, ही आमची नव्हे. नगरपालिका म्हणाली, आमचा संबंध ठेकेदाराशी. नऊ वर्षे ती कोणाचे शहर झाडत होती, हे सांगायला कोणीच तयार नव्हते. ते प्रकरण मी हरलो.

त्या दिवसापासून मला दोन गोष्टी पक्क्या कळल्या. मिसळलेला कचरा हा आधी कामगाराचा शत्रू आहे, मग शहराचा. आणि ज्याचे नाव कागदावर नाही, त्याला हातमोजे देण्याची कोणालाही गरज वाटत नाही.

हे काम काही ठराविक जातींच्या माथी शतकानुशतके मारले गेले, म्हणून त्याकडे पाहायला आपण अजून कचरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ स्थापन केला. त्याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या या गावी येऊन हजारोंना धम्मदीक्षा दिली. १९४९ साली मुंबई सरकारने बर्वे समिती नेमली. मैला डोक्यावरून वाहण्याऐवजी ढकलगाडी द्या, असे तिला १९५२ च्या अहवालात सांगावे लागले. ढकलगाडी ही एके काळी मोठी सामाजिक सुधारणा होती, हे आपण विसरलो.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून बचावासाठी दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत मागे शिरले. दाबयंत्र अचानक सुरू झाले आणि दोघे चिरडून मेले. तेराशे कामगारांनी काम थांबवले आणि छातीवर फलक लावले. त्यांवर लिहिले होते, मी माणूस आहे. त्यांच्या पाठिंब्यासाठी गेलेले मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिलला त्याच गावी गोळीला बळी पडले. त्यानंतर काही दिवसांतच त्या कामगारांची संघटना मान्य झाली. आणि आपल्या मुंबईत, ठेक्यावर कचरा वाहणाऱ्या २,७०० कामगारांना महापालिकेने कायम करावे, असा निकाल ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. ती लढाई अनेक वर्षांची होती.

आता एक आक्षेप येतो: कायम कामगार महाग पडतो, ठेका स्वस्त. मी विचारतो, कशात स्वस्त? ठेकेदाराचा नफा आणि डिझेल कमी होत नाही; स्वस्त होते ती मजुरी. शिवाय रोज बदलणाऱ्या माणसाला घर माहीत नसते. कायम माणसाला माहीत असते, की या वाड्यात काच फुटते, त्या घरी म्हातारी आजारी आहे, अमुक दुकानदार रात्री खरकटे टाकतो. शहर स्वच्छ ठेवणे हे ओळखीचे काम आहे. ती ओळख ठेक्याच्या कागदात लिहून मिळत नाही.

दुसरा आक्षेप: लोक ऐकत नाहीत. लोक दोन डबे ठेवतात आणि गाडीवाला त्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही एकत्र ओततो, तेव्हा ते दुसऱ्या दिवशी एकच डबा ठेवतात. त्यांनी आपला शहाणपणाच दाखवला. गाडीला दोन कप्पे नसतील तर नागरिकाला उपदेश करण्यात अर्थ नाही.

काय करावे

म्हणून मी सभेपुढे तीन गोष्टी मांडतो. पहिली गोष्ट घरची. उद्यापासून दोन डबे ठेवा, आणि काच, सुई, पाते जाड कागदात गुंडाळून वरती तांबडी खूण करा. त्याला एक मिनिट लागते आणि कुणाचा तरी हात वाचतो. दुसरी गोष्ट वॉर्डाची. आपल्या नगरसेवकांना कचऱ्याच्या ठेक्याचा कागद वाचून दाखवायला सांगा: पैसे कशावर दिले जातात, कामगार किती, त्यांची नावे काय. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे गोंडांचे छोटे गाव आहे. तिथली ग्रामसभा आपल्या जंगलाचा आणि बांबूचा हिशेब सर्वांसमक्ष बसून पाहते. २०११ साली त्या गावाने स्वतःचा बांबू विकण्याचा हक्क मिळवला. जंगलातले गाव बांबूचा हिशेब मागते, तर तीन लाखांच्या शहराने कचऱ्याचा का मागू नये? तिसरी गोष्ट आम्हा संघटनेच्या लोकांची. वेगळा कचरा घेण्याला आम्ही यापुढे अडवणार नाही. आम्ही मागू ते हातमोजे, बूट, वेळेवर पगार आणि हजेरीपटावर खरे नाव. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. त्या दिवसांत काम सूर्य चढण्याआधी संपावे, हेही मागू.

गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आपण त्यांचे कीर्तन आवडीने घेतले आणि झाडू दुसऱ्याच्या हातात ठेवला. तो झाडू लगेच हातात घ्या असे मी म्हणत नाही. पण उद्या सकाळी घंटागाडी दारात येईल, तेव्हा डबा देताना त्या माणसाला त्याचे नाव विचारा. ते नाव हजेरीपटावर आहे का, हेही विचारा. इतके झाले तरी आजचे माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.